साखरेच्या जकातीचा हरवलेला अर्ज

नोकरीतले खून आणि दरोडे आता माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळून गेलेत. कुठला कोणत्या ठाण्यात घडला, हे बायकोला विचारावं लागतं. साखरेच्या अर्जाचं प्रकरण तेवढं पहिल्यापासून शेवटपर्यंत जसंच्या तसं आठवतं. त्यात रक्त नव्हतं, पाठलाग नव्हता, पेपरातही चार ओळींच्या वर काही आलं नाही. तरी निवृत्तीच्या निरोपसमारंभात मला तीच गोष्ट सांगावीशी वाटली होती. धीर झाला नाही, कारण तिच्यात माझीही एक चूक आहे. आज लिहून टाकतो. नावं कुणाचीच देणार नाही.

माझी नेमणूक तेव्हा नाशिकात, गोदाकाठच्या एका ठाण्यात होती. सोमवारची हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी चाळत होतो, तोच ठाणे अंमलदारानं वर्दी दिली की ग्रंथसंग्रहालयाचे कार्यवाह आलेत. हे संग्रहालय जुन्या गावातलं, विश्वस्त मंडळानं चालवलेलं. कार्यवाह सत्तरीचे, पांढराशुभ्र शर्ट, खिशाला दोन पेनं. घराणं मूळचं येवल्याचं, व्यापाऱ्याचं, पण यांचा जन्म नाशिकातच गेलेला. मी उठून त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. सोबत एक प्राध्यापक बाई होत्या, इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. तक्रारीचा अर्ज कार्यवाहांच्या हातात होता, पण बोलत होत्या बाईच.

"साहेब, एक कागद गेलाय."

"कसला कागद?"

"साखरेचा."

माझ्या शेजारी तपासाचे हवालदार उभे होते. पंचवटीतच जन्मलेला माणूस, तोंडाला कुलूप ठाऊक नाही. "बाई, जरा जपून सांगा," ते म्हणाले, "डॉक्टरांनी आमच्या साहेबांना साखर बंद केलीय."

बाई हसल्या आणि त्यांनी मला दहा मिनिटांत जे सांगितलं, ते मी शाळेत कधी ऐकलं नव्हतं. आपल्याकडे इंग्रजांचं राज्य असताना जर्मनी-ऑस्ट्रियाकडची सरकारं आपल्या कारखानदारांना बीटाची साखर परदेशी पाठवण्यासाठी अनुदान देत. त्यामुळे समुद्र ओलांडून मुंबई बंदरात उतरलेली साखर इथल्या देशी साखरेपेक्षा स्वस्त पडायला लागली. उसवाले, गुऱ्हाळवाले, देशी साखर करणारे हवालदिल झाले. त्या साखरेवर सरकारनं जादा जकात बसवावी की बसवू नये, यावर गावोगावी रण माजलं. अर्जांवर अर्ज गेले. शेवटी जकात बसली.

"माझी आई अजून साखरेला मोरसच म्हणते," हवालदार म्हणाले.

"ती मॉरिशसची, म्हणून मोरस," बाई म्हणाल्या. "बाहेरच्या साखरेची सवय आपल्याला अशी नावासकट लागली."

मी म्हटलं, "बाहेरचं सरकार अनुदान देतं आणि झोपतो आपला माणूस. ही तर आजच्या पेपरातली बातमी झाली!"

तर नाशिक जिल्ह्यातल्या एकोणीस व्यापाऱ्यांनी त्या काळी कलेक्टरला जो अर्ज दिला, त्याची सह्या असलेली दुसरी प्रत या संग्रहालयात होती. पहिली सही कार्यवाहांच्या पणजोबांची. परदेशी साखरेविरुद्ध उभा राहिलेला माणूस म्हणून घराण्यात त्यांचा मोठा मान. संग्रहालयाच्या नव्या सभागृहाला त्यांचं नाव द्यायचं ठरलं होतं आणि त्या दिवशी हा अर्ज काचेत बसवून भिंतीवर लावायचा होता. गंमत अशी, की अख्खा अर्ज मोडी लिपीत. घराण्यात मोडी वाचणारं कुणी उरलं नव्हतं. कोण्या जाणकारानं कधीकाळी वरचा मायना आणि खालची सही वाचून दाखवली होती, तेवढ्यावर तीन पिढ्यांचा अभिमान चालला होता. प्राध्यापक बाईंनी बुधवारी सकाळी तो वाचायला घेतला. शुक्रवारी पुन्हा रुमाल सोडला, म्हणजे जुने कागद बांधून ठेवतात ते कापड, तर अर्ज गायब.

"संशय कुणावर?" मी विचारलं.

कार्यवाह जरा अडखळले. मला वाटलं, वय झालंय. "बोलायला बरं वाटत नाही साहेब. पण कपाटाची किल्ली आमच्या शिपाईबाईंकडे असते. जुन्या कागदांना हल्ली गिऱ्हाईक आहे म्हणतात. गरज माणसाकडून काय करवून घेईल, सांगता येत नाही."

शिपाईबाई सुरगाण्याच्या बाजूच्या. सोळा वर्षं हंगामी म्हणून झाडलोट करत होत्या, पुस्तकं लावत होत्या. नवरा पाठीच्या दुखण्यानं घरी बसलेला, घर त्यांच्याच कामावर चालायचं. महिनाअखेरीस त्यांना कायम करायचं ठरलं होतं. आता विश्वस्तांनी ते थांबवलं आणि नोटीस काढली: आठ दिवसांत खुलासा करा, नाहीतर घरी बसा.

मी तक्रार चौकशीवर ठेवली. हवालदारांनी रिक्षातळांवर विचारून ठेवलं होतं, दुपारीच एका रिक्षावाल्याचा फोन आला. बुधवारी दुपारी त्यानं शिपाईबाईंना पेठ नाक्यावर पाहिलं होतं. संग्रहालयाच्या कापडी पिशवीतून काहीतरी काढून त्या सुरगाण्याच्या जीपवाल्याला देत होत्या. ठाण्यात अशी खबर आली की अंगात वारं शिरतं. मला वाटलं, उद्या संध्याकाळपर्यंत कागद टेबलावर.

इथे माझी चूक. बाईमाणसाला चौकशीसाठी ठाण्यात बोलवायचं नसतं, तिच्या घरी जाऊन विचारायचं असतं. हा नियम मी नव्या पोरांना शिकवत असे. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना ठाण्यात बोलावून घेतलं. महिला शिपाई शेजारी ठेवली, म्हणजे झालं, अशी मनाची समजूत घातली. कार्यवाहांना खुर्ची दिली होती, यांना उभं ठेवलं. वर अरेतुरे.

"बुधवारी दुपारी कुठे गेली होतीस?"

"कुठं नाय साहेब. तिथंच होते."

"पेठ नाक्यावर कोण होतं मग? तुझी जुळी बहीण?"

बाईंचा चेहरा उतरला. पण त्या आपलं तेच म्हणत राहिल्या, तिथंच होते. मी त्यांना बाहेर बाकावर बसवलं. हा आमचा जुना खाक्या. कोण आलं, कोण गेलं, कुणाला लॉकअपमध्ये टाकलं, हे माणूस बाकावरून बघत राहतो आणि आपोआप मऊ होतो. त्या चार तास बसल्या. महिला शिपाईनं आपल्या डब्यातली भाकरी पुढे केली, ती घेतली नाही.

चार वाजता त्या स्वतःहून आत आल्या. "गेले होते साहेब. गावचा जीपवाला आमच्या शेतातला तांदूळ नि नागली आणतो. रिकामं पोतं त्याला परत द्यायला लागतं. पिशवीत पोतं होतं. पाऊण तासात परत आले."

"मग खोटं का बोललीस?"

उत्तराची वाट न बघता मी पुढचं विचारलं.

"किल्ली कुठे होती त्या वेळी?"

"खिळ्याला लावून गेले."

"कुणाला विचारून?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. मी आवाज चढवला. तेव्हा त्यांचे डोळे भरले. "आण्णांना विचारून गेले साहेब, कार्यवाह आण्णांना. ते म्हणाले, जा, मी बसतो इथं. पण त्यांचं नाव नका लिहू. कामाच्या टायमाला सोडायचं नाय, असा नियम हाय. त्यांनी माझ्यावर उपकार केला, नि मी त्यांनाच बोल लावू का?"

मी पेन खाली ठेवलं. ही बाई नोकरी घालवायला तयार होती, पण आपल्याला पाऊण तास सवलत देणाऱ्या माणसाचं नाव घ्यायला तयार नव्हती. आणि त्याच माणसानं काल माझा चहा पिता पिता हिच्याकडे बोट दाखवलं होतं. त्या पाऊण तासाबद्दल एक अक्षर बोलला नव्हता. अहो, माझी कानशिलं तापली. मी त्यांना बसा म्हटलं. ते म्हणायला मला चार वाजले होते.

जीपवाल्याला फोन लावला. पोत्याची गोष्ट खरी निघाली.

दुसऱ्या दिवशी मी आणि हवालदार संग्रहालयात गेलो. प्राध्यापक बाईंनी रुमाल सोडून दाखवला. आतल्या कित्येक कागदांवर जुनी तिकिटं, शिक्के, लाखेच्या मोहरा. विकायला नेणाऱ्यानं आधी ती उपटली असती. एकाही कागदाला धक्का लागला नव्हता. चोरानं काय नेलं यापेक्षा काय सोडलं, हे मी नेहमी आधी बघतो. याला फक्त एकच कागद हवा होता.

"बाई, बुधवारी तुम्ही अर्ज किती वाचला होता?"

"पहिलं पान. पण दुसऱ्या पानाच्या सुरुवातीला मला जरा वेगळाच वास आला. मजकूर उलट्या अंगाला वळत होता."

"हे कुणाला बोललात?"

"फक्त कार्यवाहांना. पहिली सही त्यांच्या पणजोबांची, म्हणून. म्हटलं, शुक्रवारी नीट वाचून सांगते. कागद गेल्यावर तक्रार द्यायला मीच त्यांना ओढत आणलं. त्यांचं मन होईना."

आता मला तहानभूक सुचेना. चोर जवळजवळ कळला होता, पण अर्जात लिहिलंय काय? आणि हातात पुरावा काय? शहरातला मानाचा माणूस. नुसत्या संशयावर त्यांच्या घरी झडतीला गेलो असतो तर वरून फोन खणखणले असते. जीपमध्ये बसता बसता मी म्हटलं, "हवालदार, यांना मोडी येत नाही. कागद फाडायचा असला तरी आधी आत काय आहे हे कळायला हवं. कुणाकडे नेला असेल?"

"काय साहेब, एवढं पण नाय?" हवालदार म्हणाले. "येवल्याचं घराणं. यांचे तीर्थोपाध्याय इथे पंचवटीतच असणार. त्यांच्या जुन्या वह्या सगळ्या मोडीत. आमच्या गल्लीतला म्हातारा गुरुजी मोडी अशी वाचतो, जसा मी पेपर."

बाहेरगावच्या घराण्यांचे नाशिकात ठरलेले उपाध्याय असतात. कुणी तीर्थावर आलं, की उपाध्याय त्या घराण्याची वही काढतात. मागच्या पिढ्यांची नावं, कोण कधी आलं, कशासाठी आलं, सगळं तिच्यात. आलेला माणूस आपल्या हातानं नवीन नावं भरतो, येण्याचं कारण लिहितो आणि सही करतो. येवल्याच्या त्या आडनावाचे उपाध्याय शोधायला हवालदारांना अर्धा तास लागला. त्यातली वीस मिनिटं चहात गेली.

उपाध्याय ऐंशीच्या पुढचे, ताठ. मी विचारलं, या घराण्यातलं कुणी नुकतंच मोडी कागद घेऊन आलं होतं का?

"यजमानाच्या घरची गोष्ट मी तोंडानं सांगणार नाही," ते म्हणाले. "वही बघायची असेल तर लेखी द्या."

हवालदार तापले. "गुरुजी, पोलीस आहेत ते!"

"म्हणूनच लेखी मागतोय. तुम्ही आमच्याकडे कागद मागता, आम्ही तुमच्याकडे."

मला हा म्हातारा आवडला. ओसरीवर बसूनच मी नोटीस लिहिली, त्यांना पोच दिली. त्यांनी ती दोनदा वाचली, मग आतून लांबट वही आणली आणि शेवटचं भरलेलं पान उघडून माझ्यापुढे ठेवलं. कार्यवाहांचं ठळक, वळणदार अक्षर. मुलांची नावं, नातवांची नावं. खाली तो बुधवार. आणि येण्याचं कारण: 'पणजोबांची अर्जावरील सही ओळखून घेण्यासाठी आलो.' पुढे पूर्ण सही.

हवालदारांनी ती ओळ पुन्हा मोठ्यानं वाचली. चोरीचा कागद पिशवीत घेऊन आलेला माणूस, पण उपाध्यायांनी वही पुढे सरकवली तेव्हा नाही म्हणता आलं नाही. वाडवडिलांच्या नावांखाली लिहायचं, तर खोटं कारणही सुचलं नसेल. शहरभर खोटं बोलायची तयारी, पण त्या वहीत नाही! मला त्या क्षणी त्यांची कीव आली, खोटं कशाला सांगू.

"गुरुजी, कागद वाचून दाखवलात?"

आता वही उघडल्यावर त्यांचा आडपडदा गेला होता. "दाखवला. बराच वेळ बसून होते. मग म्हणाले, गुरुजी, हा गोदेत सोडता येईल का? मी म्हटलं, वर श्री लिहिलंय, तेव्हा जाळू नका, फाडू नका. सोडायचं म्हणाल तर खाली एकोणीस जणांच्या सह्या आहेत. तुमच्या पणजोबांचं तुम्ही बघा, बाकीच्या अठरांना कोण विचारणार? मग कागद घेऊन गेले."

वहीच्या पानाचे फोटो काढले, उपाध्यायांचा जबाब नोंदवला आणि गुन्हा दाखल करून दोन पंच घेऊन आम्ही कार्यवाहांच्या घरी गेलो. मी वाद घातला नाही. मोबाइलवर ते पान उघडून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला. उठून देवघरात गेले आणि देवांच्या पाटाखालून अर्ज काढून आणला.

"तीन पिढ्या आम्ही एकच गोष्ट सांगत आलो साहेब," ते म्हणाले. "नातू शाळेत भाषण करतो माझ्या पणजोबांवर. कसं सांगायचं त्याला?"

"आणि त्या बाईंचं काय?"

त्यांनी अर्ज पंचांच्या हातात दिला. "मला वाटलं, त्यांना काय, दुसरीकडे कुठेतरी काम मिळेल."

मी रागातच पंचनामा लिहायला घेतला.

अर्ज ठाण्यात आणून पंचांसमोर प्राध्यापक बाईंकडून वाचून घेतला. सगळं ठाणं गोळा झालं, लॉकअपच्या पहाऱ्यावरचा शिपाई मान लांब करून ऐकत होता. त्या एकोणीस जणांनी परदेशी साखरेवर जादा जकात बसवू नका, असं मागितलं होतं! पणजोबा त्याच साखरेचे या भागातले अडते निघाले. पहिल्या पानावर देशी साखर करणाऱ्यांचे हाल मान्य केलेले. दुसऱ्या पानावर म्हटलं होतं, की ही साखर आल्यापासून गरिबाच्या घरीही सणाला गोड होऊ लागलं आहे, आणि जकात बसली की त्याच्या ताटातलंच गोड पहिलं जाईल.

"यात लपवण्यासारखं काय होतं?" बाई तळमळून म्हणाल्या. "धंदा त्यांचा होता, हे खरं. पण म्हणणंही खोटं नाही. गुऱ्हाळवाला जगावा की गरिबाला स्वस्त मिळावं, हा वाद तेव्हा सुटला नाही, आता तरी कुठे सुटलाय? हाच अर्ज भिंतीवर लावला असता तर लोक उभे राहून वाचत बसले असते."

हवालदार म्हणाले, "बाई, पणजोबांनी निदान आपल्या म्हणण्याखाली सही तरी केली."

कार्यवाहांनी राजीनामा दिला. दोषारोपपत्र गेलं, पुढचं कोर्टाचं काम. शिपाईबाईंची नोटीस मागे घेतली गेली, कायम केल्याचं पत्रही निघालं. माणसं गुन्हा करतात ती पैशासाठी किंवा सुडासाठी, असं मी तीस वर्षं धरून चाललो होतो. सांगून सांगून आवडती झालेली गोष्ट वाचवण्यासाठीही सज्जन माणूस दुसऱ्याचा बळी देतो, हे मी तिथे शिकलो. आणि निर्दोष माणसाचं खोटं ऐकलं की ते कुणाला वाचवतंय, हे आधी विचारायचं, हेही.

पण प्रकरण तिथे संपलं नाही. आठवडाभरानं शिपाईबाई ठाण्यात आल्या. मला वाटलं, पेढे घेऊन आल्या असतील. हात रिकामे होते. मी खुर्ची दिली, त्या बसल्या.

"साहेब, माझ्या नावाचा तक्रारीचा कागद तुमच्या इथं हाय ना?"

"आहे. दप्तरी राहतो तो."

"किती वर्षं?"

"राहील की बरीच वर्षं. का?"

"त्यांच्या पणजोबाचा कागद एवढ्या वर्षांनी निघाला नि केवढं झालं बघा. मला पण नातवंडं होतील. उद्या कुणी काढला तो कागद, तर आपली आजी चोर होती म्हणतील. त्याच्या शेजारी दुसरा कागद ठेवा साहेब."

मी कोरा कागद ओढला आणि हातानं लिहायला घेतलं. आमच्या नेहमीच्या भाषेत लिहिलं, की सदर महिलेने चोरी केल्याचे चौकशीत निष्पन्न झाले नाही. वाचून दाखवलं.

"म्हणजे केली, पण सापडली नाय, असं ना?"

"अहो नाही, तसं लिहायची पद्धत..." मी बोलता बोलता थांबलो. तसंच होतं ते. ओळ खोडली आणि खाली लिहिलं: या बाईंनी चोरी केलेली नाही. त्यांना ठाण्यात बोलावून चार तास बसवून ठेवले, ती माझी चूक होती. खाली सही केली, शिक्का मारला.

त्यांनी तो कागद स्वतः बोटानं, एकेक शब्द करत वाचला. मग तक्रारीची फाइल मागितली, तिच्यात तो लागला हे डोळ्यांनी पाहिलं, आणि म्हणाल्या, "आता चहा घेईन साहेब."